चालत्यात बसवू

पेट्रोल पंपावरच्या रांगेत स्कूटर बंद न करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. पंपवाला अंगावर ओरडायचा, मागचे हॉर्न मारायचे. दत्ता वाडेकर हसत म्हणायचा, "बंद केली आन् परत सुरूच झाली नाही तर?"

दोन हजार पाच-सहाच्या सुमारास आम्ही नाशिकच्या कॉलेज रोडवर, मिठाईच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत, येवल्याच्या पैठणी विणकरांची वेबसाइट सांभाळत होतो. साइटमध्ये काही बदलायचं, तर बाकीची दुनिया सर्व्हर बंद करते, नवा कोड चढवते आणि परत सुरू करते. दोन मिनिटांचं काम. पण तेवढ्यात साइटवर असलेली माणसं बाहेर फेकली जातात, त्यांचं अर्धवट काम पुसलं जातं. वाडेकरला हे अजिबात खपायचं नाही. सगळं चालू असतानाच तो नवा कोड हळूच आत सरकवायचा. "बंद कशाला, ताई? चालत्यात बसवू!"

ट्यूबलाइटचा स्टार्टरसुद्धा त्यानं चालत्यातच बसवला, आणि झटका खाऊन टेबलावरून थेट माझ्या डब्यात उतरला. मटकीची उसळ होती. आठवडाभर मी त्याच्याशी बोलले नाही.

एकदा चालत्यात बसवलेलं अर्धंच बसलं आणि साइटवरच्या झाडून सगळ्या साड्या राणी रंगाच्या झाल्या. येवल्याहून फोन, "अहो, हे काय चाललंय?" वाडेकर थंडपणे म्हणाला, "पाच मिनिटं थांबा, उतरेल रंग." तासाभरानं उतरला.

हे खूळ आलं कुठून, असं मी एकदा वैतागून विचारलंच. म्हणाला, "आमच्या घरात माग आहे ना. ताणा, म्हणजे उभे धागे, संपत आला की माग मोकळा करत नाहीत. जुन्या धाग्याच्या टोकाला नवा धागा, असे हजारो धागे सांधायचे. दादांचा, आमच्या वडलांचा, हात असा चालायचा, ताई, की बघत राहावं."

"मग तू का सोडलंस?"

तो कीबोर्ड पुसायला लागला.

एका सोमवारी साइट रखडायला लागली. साहेबांनी तीन वाजता रीस्टार्ट करायला सांगितलं आणि काम माझ्या गळ्यात मारून निघून गेले. तीनला मी बसते, तर वाडेकरनं माझ्या कीबोर्डवर हातच ठेवला.

"थांबा. आत एक जण आहे."

"एका माणसासाठी? हात काढ बघू!"

"आमचे दादा आहेत."

मी खुर्ची मागे सरकवली. साइटवर एकेक घर रंगवून नक्षी काढायचं पान होतं, आणि ती पुरी झाल्याशिवाय सेव्ह होत नसे. चूक आमचीच. दादा सकाळपासून येवल्यात विणकरांच्या सोसायटीच्या कॉम्प्युटरवर बसून पदरावरचा पोपट काढत होते. वाडेकर माग सोडून नाशिकला आला तेव्हापासून, सहा वर्षं, बापलेकांत अबोला होता. आणि हा पठ्ठ्या सकाळपासून आपल्या पडद्यावर तो पोपट बघत बसला होता.

"एक घर चुकलं की सगळं पुसून पहिल्यापासून काढतात. तीनदा झालं," तो म्हणाला. "आता चौथ्यांदा चोचीपाशी अडलेत."

"मग बसव की चालत्यात!" माझ्या तोंडून निघून गेलं.

त्यानं बटण लिहिलं, 'एक घर मागे'. पण आत सरकवण्याआधी पहिल्यांदाच त्यानं लिहिलेलं तीनदा तपासलं. अर्धवट बसलं असतं, तर पोपट गेलाच होता.

दादांनी पुढचं घर दाबलं, ते चुकलं, आणि नव्या पानावर बटण आलं. पोपट जागच्या जागी होता. मग बराच वेळ काही हललं नाही. आणि चोचीवरचं चुकलेलं घर पुसलं गेलं. तेवढंच, एकटं.

साडेतीनला पोपट सेव्ह झाला. खाली शेऱ्याच्या चौकटीत दादांनी लिहिलं होतं, "चालत्या मागावर हात घालनारा आमचा दत्ताच. जेवायला ये."

मला तर रडूच आलं. वाडेकरनं ते दोनदा वाचलं. "ताई, करा आता रीस्टार्ट," म्हणाला. आपला कॉम्प्युटर बंद केला, डोक्यावरचा पंखा बंद केला, आणि स्कूटरची किल्ली माझ्या टेबलावर ठेवून येवल्याची एसटी पकडायला धावत सुटला.