घोटभर पाण्याचा सर्व्हे

शेजूळमामांना चहा हवा का म्हणून विचारलं, तरी ते आधी पर्याय मागतात. "हां, नाय, की सांगता येत नाय? तिसरं ठेवत जा. माणसाला आडवू नाय." मग स्वतः तिसरा पर्याय निवडतात आणि पुढ्यात आलेला चहा निवांत पितात.

औरंगपुऱ्यातल्या आमच्या सर्व्हेच्या ऑफिसात मामा सगळ्यांत जुने. निवडणूक आली की मत कोणाला देणार, हे दारोदार विचारण्यात त्यांची हयात गेली. आधी हातात कागद होते, मग टॅब आला. मामांनी तोही उपरण्यात गुंडाळून गावोगाव मिरवला. पण एक नेम मोडला नाही. पहिल्या प्रश्नाआधी पाणी मागायचं. "पाणी दिलं की माणूस टेकतं, आन् टेकलं की खरं बोलतं," हा त्यांचा सिद्धांत. तहान असो नसो, प्रत्येक उंबऱ्यावर घोटभर. दुपारपर्यंत त्यांची काय अवस्था होत असेल, हे आम्ही कधी विचारलं नाही.

यंदा ऑफिसनं दारोदार फिरणंच बंद केलं. आता यंत्र आपोआप फोन लावतं, रेकॉर्ड केलेला आवाज प्रश्न विचारतो, लोक बटण दाबतात. कोणी काही बोललं तर तेही रेकॉर्ड होतं. गावाकडच्या लोकांना गावाकडचा आवाज हवा, म्हणून साहेबांनी मामांनाच माईकपुढं बसवलं. मामांनी माईकला हात जोडले. "रामराम. जरा घोटभर पाणी देता का?" म्हणाले आणि थांबले. बराच वेळ थांबले. मगच प्रश्नांकडे वळले. ते वाक्य कापायचं कोणाच्याच लक्षात आलं नाही.

झालं. यंत्र अख्ख्या जिल्ह्यात पाणी मागत सुटलं. वाळूजच्या कारखान्यांच्या शिफ्टच्या बसमधून एकजण ओरडला, "इथं बसमधी पाणी कुठून आणू, बावा?" शहरातल्या एका बाईंनी सुनावलं, "आमच्याच नळाला पाणी नाय, तुमाला कुठलं देऊ?" साहेब भडकले. आवाज बदलायचा आणि मामांना कायमचं घरी पाठवायचं ठरलं. ते सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलं.

घरी म्हणजे एका खोलीत. मामी जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. त्या घरात मामांना पाणी विचारणारं कोणी नाही, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं आणि फार वाईट वाटलं.

सांगणं टाळत मी रेकॉर्डिंग ऐकत बसलो. मामा शेजारीच होते. वैजापूरकडच्या एका म्हातारीचा आवाज आला.

"कोन, शेजूळभाऊ व्हय? आवाजावरून वळखलं. लई दिस झाले, आला नाय. हे बघ, तांब्या भरून ठिवलाय. पर फोनातून कसा देऊ? घरी ये की."

पुढं मामांचा आवाज प्रश्न विचारत राहिला. म्हातारीनं एकही बटण दाबलं नाही. फोनही ठेवला नाही. ती वाट बघत होती.

मामांनी ते पुन्हा लावायला सांगितलं. मग उपरण्यानं डोळे पुसले आणि उठले.

"वैजापूरला निघालात का?" मी विचारलं. "हां, नाय, की..."

"हां," मामांनी मला पुरतं बोलूही दिलं नाही. "ऑफिसचं काय सांगायचं ते उद्या सांग. आज मला खरंच तहान लागली."