हवालदार नाना आणि बाजूचा वारा

आयुष्यातली माझी पहिली गोळी बरोबर निशाणाच्या मधोमध लागली. फक्त ते निशाण शेजारी पालथ्या पडलेल्या नाझरसाहेबांचं होतं. स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली होती आणि सरकारी कारकुनाला रायफल चालवता आली पाहिजे, असं वरती कुणीतरी ठरवलं होतं. सगळे फिदीफिदी हसले. मागून एकच गंभीर आवाज आला, "तुन्ही चूक नही, भाऊ. वारानी शे."

हे आमच्या जळगावच्या गल्लीतले हवालदार नाना. मूळचे शिंदखेड्याकडचे, पलटणीतून निवृत्त झालेले, आम्हा कारकुनांना रायफल शिकवायला बोलावलेले, घरात एकटे. शंभर यार्डांवर वारा गोळीला बोटभरही हलवत नाही, हे मला पुढे कळलं. तोवर मी त्यांचा शिष्य होऊन बसलो होतो.

नानांच्या बंडीच्या खिशात कायम जिनिंगमधल्या कापसाचा पुंजका. चालता चालता थांबायचे, चिमूटभर कापूस हवेत सोडायचे, मग पुढे. "समोरना वाराले भ्यावानं नही," ते सांगत, "बाजूना वारा गोयीले वढी लई जास." पाचशे यार्डांवर वारा डावीकडून असला, तर नेमही हातभर डावीकडे धरायचा. हेच शास्त्र ते गल्लीलाही लावत. पापड कुठल्या ओट्यावर वाळतील, होळी कुठे पेटवावी, इतकंच काय, पुढाऱ्याच्या सभेत कुठे बसलं म्हणजे भाषण ऐकू येणार नाही, तेही सांगत. हा शेवटचा सल्ला कधी चुकला नाही.

त्या हिवाळ्यात धुळ्याला माजी सैनिकांची पाचशे यार्डांची स्पर्धा निघाली. नाना महिनाभर एकच धोशा लावून होते, "एकदाव मारसू, मंग बठ्ठं सोडी देसू." बठ्ठं म्हणजे सगळं, रायफलसकट. मदतनीस म्हणून मला बरोबर नेलं. माझी नेमबाजी पाहूनही नेलं, हे विशेष.

माळावर वारा सुसाट होता. नाना स्पर्धा घेणाऱ्या साहेबांना म्हणाले, "जरासं थांबा." साहेब म्हणाले, "परिपत्रकात दहाची वेळ आहे. वाऱ्याचा उल्लेख नाही." नानांची पाळी आली तेव्हा वारा अगदी पडला. बहुधा त्यानंही परिपत्रक वाचलं असावं. झेंडा काठीला चिकटला. यापेक्षा सोपी वेळ मिळणार नव्हती.

नाना पालथे झाले, रायफल खांद्याला लावली. गोळी काही सुटेना. मग अगदी हळू विचारलं, "भाऊ, निशाण कोठे शे?"

"समोरच की, नाना. ते पांढरं."

"समोर बठ्ठं पांढरंच शे."

गोळी कुठे लागली ते दाखवायला निशाणाखालच्या खड्ड्यात चार माणसं बसली होती. नानांनी रायफलीतली गोळी काढली, उठले आणि साहेबांना कडक सलाम ठोकला. "वारा खोटा शे, साहेब. मन्हं नाव काढी टाका."

पानही हलत नव्हतं. "हवालदार भ्याला रे!" कुणीतरी ओरडलं. मी तोंड उघडणार, तोच नानांनी माझं मनगट घट्ट दाबलं. ते थेट मोटारीत बसेपर्यंत सोडलं नाही.

घरी येऊन बायकोला सगळं सांगितलं. "तरीच," ती म्हणाली. "रोज आपला पेपर नेतात, पण हल्ली परत येतो तेव्हा त्याची घडीसुद्धा मोडलेली नसते."

मग सातवी पास झालेली, माझ्या अर्जातल्या चुका काढणारी माझी ही बायको म्हणाली, "अहो, उद्यापासून नानांना सकाळी चहाला बोलवा आणि पेपर मोठ्यानं वाचा. विचारलंच त्यांनी, तर सांगा, हिला वाचता येत नाही."