कुंदाकाकूंचे पेढे

१४ जून, शनिवार. आजचं काम: तीन किलो खवा घोटणे. स्वतःच्या नव्हे, कुंदाकाकूंच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या देखरेखीखाली, केसांना जाळी लावून.

जाळी सक्तीची असते. कुंदाकाकूंनी एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्त तपासलं. निवृत्त झाल्यावर रक्त सुटलं, तपासणं सुटलं नाही. त्यांच्या फ्रीजरमध्ये एक कप्पा फक्त नमुन्यांचा आहे. केलेल्या प्रत्येक पदार्थातला एक तुकडा, पिशवीत, तारखेसह. मागच्या दिवाळीची करंजी मऊ पडली अशी तक्रार कोणी केली, तर काकू तीच करंजी काढून समोर ठेवतात आणि म्हणतात, "पुरावा."

हा त्यांचा लाडका शब्द. आज पाऊस पडणार म्हटलं, की "पुरावा काय?" एकदा मी म्हटलं, "काकू, आज तुम्ही छान दिसताय." त्यावरही तेच. लंडनच्या पिनर भागात आमची घरं एकमेकांना चिकटून आहेत, त्यामुळे गेली सोळा वर्षं मी पुरावे देत आले आहे.

तर हा खवा मृण्मयीसाठी होता. मृण्मयी आणि अनिकेत हे नागपूरचं जोडपं आमच्यापासून तिसऱ्या घरात राहतं. दोघंही सॉफ्टवेअरमध्ये, आणि आता पाचवा महिना. ऑफिसातल्या मित्रमंडळींनी जेंडर रिव्हीलचा आग्रह धरला. म्हणजे मुलगा की मुलगी हे केक कापून सगळ्यांसमोर जाहीर करायचं. आत निळं निघालं तर मुलगा, गुलाबी निघालं तर मुलगी. आपल्याकडे जे विचारणं गुन्हा, त्याला इथे फुगे लावतात.

मृण्मयीला केक नको होता, घरचं गोड हवं होतं. स्कॅननंतर नर्सने निकाल पाकिटात बंद करून दिला. ते पाकीट न उघडता तिने काकूंकडे सोपवलं. सोबत हळूच एक काळजीही सोपवली.

"काकू, सासूबाई नागपूरहून व्हिडिओ कॉलवर असणार आहेत. त्या रोज म्हणतात, आमच्याकडे पेढेच हवेत हं. मुलगी असली तर त्यांचा चेहरा कसा होईल, आणि तो सगळ्यांसमोर होईल..."

"चेहऱ्याचं मी बघते," काकू म्हणाल्या. "तू पाणी पी."

मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, हे आपल्याकडे कोणालाही शिकवावं लागत नाही. डोहाळेजेवणात झाकलेल्या दोन वाट्यांतही तेच असतं. त्यामुळे शनिवारी काकूंनी वेम्बलीहून पेढ्यांचे कागदी द्रोण आणलेले दिसले, तेव्हाच मी समजले. मुलगा. मृण्मयी सुटली.

"काही समजू नकोस," काकू म्हणाल्या. "घोट."

मी घोटत होते. काकू थर्मामीटर बुडवून आकडे लिहीत होत्या. शेवटी त्यांनी मला बागेत पाठवलं आणि दार आतून लावलं. पेढ्याच्या पोटात रंगीत सारण भरायचं होतं, साक्षीदार नको होता. पाऊण तासाने दार उघडलं तेव्हा ओट्यावर ऐंशी पेढे होते, एकाच मापाचे, आणि सिंक घासून लख्ख केलेलं. माझ्या दृष्टीने तो रंग निळा होता. मी विचारलंही नाही.

रविवारी मृण्मयीच्या बागेत तीसेक माणसं जमली. निम्मी आपली, निम्मी ऑफिसातली. स्टँडवर लावलेल्या फोनमध्ये नागपूरच्या सासूबाई, ठेवणीतली साडी नेसून. काकूंनी ताटावरचा रुमाल उचलला.

"पेढे!" फोनमधून किंकाळी आली. "अहो, ऐकलंत का? पेढे! मुलगा आहे!"

आपल्या निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. कोणीतरी अनिकेतला उचललं. गोऱ्या मंडळींना काहीच कळेना, कारण अजून कोणी काही कापलंच नव्हतं. त्यांनी सभ्यपणे एकेक पेढा उचलला आणि चावला.

"पिंक!" अनिकेतची मॅनेजर ओरडली. "इट्स अ गर्ल!"

मग दुसऱ्या निम्म्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. दोन मिनिटं त्या बागेत एक मुलगा आणि एक मुलगी, दोन्ही होते. अनिकेतला खाली ठेवण्यात आलं.

"काकू," तो घाबरत म्हणाला, "चुकून रंग..."

"एकतीस वर्षांत माझा एक रिपोर्ट चुकला नाही. मुलगी आहे."

"अहो, पण मग बर्फी हवी ना!" सासूबाई फोनमधून म्हणाल्या. "मुलीचे पेढे कसे?"

"मुलीला बर्फी, याला पुरावा काय?" काकूंनी फोनसमोर जाऊन विचारलं. "तुमच्या जन्माच्या वेळी घरच्यांनी काय वाटलं होतं?"

ज्यांना मराठी येत नव्हतं तेही फोनभोवती जमले. मृण्मयी फोनकडे बघत होती, हातातला पेढा तसाच.

सासूबाईंनी पदर सारखा केला. बराच वेळ केला. मग म्हणाल्या, "आतला रंग कशाचा आहे?"

"बिटाचा," काकू म्हणाल्या.

"हं. बीट रक्ताला चांगलं." मग सुनेला, "मृण्मयी, तू खा बघू तो. आणि अहो, उद्या सकाळी हलवायाकडे जाऊन या."

"बर्फी आणू?" मागून सासऱ्यांचा आवाज.

"आता बर्फी कशाला? पेढे आणा."

मृण्मयीने तो पेढा एका घासात खाल्ला आणि वर आणखी दोन खाल्ले. पाणी मात्र काकूंनीच आणून दिलं.

संध्याकाळी मी भांडी विसळायला काकूंकडे गेले. टेबलावर एक डबा वेगळा काढलेला होता. बारा पेढे, मध्ये बटर पेपर.

"हे कोणाचे?"

"अंजलीचे."

अंजली त्यांची मुलगी. एडिंबराला असते, पन्नाशीला आली. रविवारी दहा मिनिटं फोनवर बोलतात, हवेबद्दल जास्त.

"ती झाली तेव्हा हे तार करून आले," काकू कढई घासत म्हणाल्या. "तीन आठवड्यांनी सासरचं पत्र आलं. पुढच्या वेळी पेढे वाटू, म्हणून. पुढची वेळ आलीच नाही. मी हॉस्पिटलातल्या दुकानातून बिस्किटांचा पुडा घेतला आणि वॉर्डातल्या नर्सेसना वाटला."

"अंजलीला माहितीये?"

"काय सांगायचं? पत्र मी तेव्हाच फाडलं." कढई स्वच्छ झाली होती, तरी त्या घासत होत्या. "पाठवावे म्हणते. पण ती म्हणेल, आई, आज मध्येच काय?"

"म्हणू दे."

"पोस्टाने टिकतील का गं?"

कुठला पदार्थ किती तास टिकतो हे तोंडपाठ असलेली बाई मला विचारत होती. मी टॉवेल खुंटीला अडकवला आणि घरी गेले. असल्या वेळी बोलून काही होत नाही.

सोमवारी सकाळी ऑफिसला कळवलं की तासभर उशीर होईल. काकूंना गाडीत बसवलं, डबा त्यांच्या मांडीवर दिला. पोस्टाचं दार उघडायच्या आधीच आम्ही पोचलो. खोका मी घेतला, पेन त्यांच्या हातात दिलं. पत्ता त्यांनी झटकन लिहिला. चिठ्ठीला मात्र पुष्कळ वेळ लावला, आणि लिहिली एकच ओळ. मी वाचायला नको होती, पण टेप माझ्याच हातात होती.

'अंजली, तू झालीस त्याचे पेढे.'

मी खोका बंद केला, टेप दोनदा फिरवली आणि खिडकीपाशी जाऊन सांगितलं, हे उद्या दुपारच्या आत पोचायला हवं.