साहेबांपेक्षा एक बोट अरुंद

१९६७ सालच्या शरदात, ओसाकात अजून ट्राम धावत होती तेव्हा, माझ्या नवऱ्याच्या ऑफिसच्या बॅगेची मूठ तुटली. ट्रामच्या पायरीवरच तुटली. बॅग रस्त्यावर पडून उघडली आणि तिच्यातून जेवणाचा डबा, वर्तमानपत्र आणि मोज्यांचा एक जोड बाहेर आला. कामाचा कागद एकही नव्हता. ही गोष्ट मुद्दाम नोंदवून ठेवते, कारण पुढे जे जे घडले ते सारे एवढ्याच मालाच्या वाहतुकीसाठी घडले.

माझा नवरा, कुसुमोतो तेइजी, मित्सुहाता बटण कंपनीत शर्टाच्या बटणांच्या विभागात कारकून होता. विभागाचे प्रमुख उगाकीसाहेब. दर वसंतात बढत्या आणि बदल्या होत. येत्या वसंतात विभागातला एक माणूस ओसाकातच उपप्रमुख होणार होता आणि एक वाक्कानाईला जाणार होता, म्हणजे देशाच्या पार उत्तर टोकाला, जिथे कोळ्यांच्या कोटांना मोठी बटणे लागतात. माझी आई साकाईला एकटी राहत होती. तिची दृष्टी जवळजवळ गेली होती. मी एक दिवसाआड मासे शिजवून तिला नेऊन देत असे. वाक्कानाईला गेले असते तर पुढची भेट तिच्या अंत्यविधीलाच झाली असती.

तेव्हा बॅग विचारपूर्वक निवडणे भाग होते. खालच्या माणसाची वस्तू वरच्या माणसाच्या वस्तूहून चांगली असता कामा नये, हा नियम कुठे लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कोणी मोडत नसे. एकाने पूर्वी साहेबांच्या छत्रीपेक्षा चांगली छत्री आणली होती. तो वाक्कानाईला होता.

शिन्साइबाशीच्या मोठ्या दुकानात पांढरे हातमोजे घातलेला विक्रेता पुढे आला. त्याने किंमत विचारली नाही, मापही विचारले नाही.

"आपल्या साहेबांची बॅग कशी आहे?" एवढेच त्याने विचारले.

नवऱ्याने डोळे मिटले आणि तो कमरेत वाकला. उभ्याने त्याला आठवत नव्हते. इतकी वर्षे नमस्कारासाठी वाकून वाकून त्याने साहेबांचा चेहरा कमी आणि बॅगच जास्त पाहिली होती. "गाईचं कातडं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तपकिरी. पितळी बक्कल एक. डाव्या कोपऱ्यावर चरा."

साहेबांना मिशी आहे का, असे मी सहज विचारले. ते त्याला सांगता आले नाही.

रेक्झिनची बॅग घ्यावी तर गिऱ्हाइकाला वाटणार, उगाकीसाहेबांनी हाताखाली भिकारी ठेवलेत. गाईचे कातडे घ्यावे तर बरोबरी होणार. शेवटी विक्रेत्याने डुकराच्या कातड्याची, जरा मळकट तपकिरी, बक्कल नसलेली बॅग काढली. रुंदीला ती साहेबांच्या बॅगेहून एक बोट कमी होती. त्यांच्याकडे हीच सगळ्यात जास्त खपते म्हणाला.

"सगळ्यांना एकच माप कसं चालतं हो?" मी विचारले.

"माप एक नाही, वहिनी. ज्याच्या त्याच्या साहेबांपेक्षा एक बोट."

घरी आल्यावर लक्षात आले की बॅग नवी आहे. साहेबांची जुनी होती. कंपनीच्या वसाहतीत आमच्या खाली हिरोसे कुटुंब राहायचे. हिरोसे त्याच विभागात होता आणि उपप्रमुखपदावर त्याचाही डोळा होता. त्याची बायको मोमोए जिन्यातच भेटली. "अगंबाई, चमकते छान," ती म्हणाली. "साहेबांनी पाहिली का?"

मग आम्ही बॅग जुनी करायला घेतली. मी तिला चहाचा चोथा चोळला, भाताच्या कोंड्याने घासली. आमच्या मुलीने दोरी बांधून ती गल्लीभर ओढली, मागून सगळी पोरे लाथा मारत होती. पण कोंड्याच्या तेलाने कातडे असे काही मुरले की चार पिढ्या सरदाराच्या घरात वापरल्यासारखी खानदानी झाक त्याला आली. ऑफिसात उगाकीसाहेबांनी ती हातात घेऊन पाहिली.

"वडिलोपार्जित दिसते," ते म्हणाले.

साहेबांचे म्हणणे खोडायचे कसे? "होय साहेब," नवरा म्हणाला.

झाले. कारकुनाकडे वडिलोपार्जित बॅग म्हटल्यावर उगाकीसाहेबांना वासराच्या कातड्याची, दोन बकलांची बॅग घ्यावी लागली. त्यांच्यावरच्या निशिवाकीसाहेबांची एका बकलाची होती, त्यांना मगरीवर जावे लागले. त्यांच्याही वरचे कोमियामासाहेब मगरीच्या पुढे कोणता प्राणी असतो याची चौकशी करून थकले आणि त्यांनी आकार वाढवला. त्यांची बॅग ट्रामच्या दारातून आडवी जात नसे, आणि उभी केली की कंडक्टर तिचे तिकीट मागे. आत डबा आणि वर्तमानपत्रच होते. मोजे मात्र हुद्द्याप्रमाणे दोन जोड.

या धांदलीला शिस्त लावण्यासाठी 'कर्मचाऱ्यांच्या हातातील सामानाच्या श्रेणी' असा एक प्रस्ताव फिरवण्यात आला. आमच्याकडे प्रत्येकाने आपला शिक्का वरच्याच्या शिक्क्याकडे जरा झुकवून मारायचा, म्हणजे कागदावरही नमस्कार घडतो. कोमियामासाहेबांचा शिक्का किंचित कललेला होता, निशिवाकींचा वाकलेला, उगाकींचा गुडघे टेकलेला. माझ्या नवऱ्याचा शिक्का कागदावर आडवा झोपला होता.

आता फक्त मालकांचा शिक्का हवा होता. मालक मित्सुहाता म्हातारे होते आणि गुडघ्यासाठी गरम पाण्याच्या झऱ्यावर जाऊन राहिले होते. एरवी ते मोटारीने मागच्या दाराने येत, त्यांच्या हातात काय असते ते कोणी पाहिले नव्हते. नव्या वर्षात ते परतले ते डॉक्टरांनी चालायला सांगितले म्हणून पायी, पुढच्या दाराने. त्यांच्या हातात विटक्या निळ्या सुती कापडाचे गाठोडे होते.

सगळी कंपनी वाकली आणि वाकल्यावाकल्या सगळ्यांना ते गाठोडे दिसले.

दुपारपर्यंत कंपनीतून कातडे नाहीसे झाले. मालक कापड वापरतात, तर कापडाच्या वर जायचे कोणी? कोमियामासाहेब कागदी पिशवीवर आले. निशिवाकीसाहेबांनी आपल्या कागदी पिशवीची मूठ कापून टाकली. उगाकीसाहेबांनी डबा वर्तमानपत्रात बांधून आणायला सुरुवात केली. हिरोसेने त्याच वर्तमानपत्राचे एक पान आणले. माझा नवरा संध्याकाळी घरी येऊन चटईवर बसला.

"मग मी काय न्यायचं?"

"हात न्या," मी म्हटले.

"नुसते?"

"नुसते. पानाच्या खाली आणखी काय असतं, तुम्हीच सांगा."

दुसऱ्या दिवसापासून मी डबा त्याच्या पोटावर बनियनच्या आत बांधू लागले. सकाळी रिकाम्या हाताने बाहेर पडणारा पुरुष म्हणजे नोकरी गेलेला, दिवसभर बागेत कबुतरे बघत बसणारा. मोमोएने ही बातमी वसाहतीत हळहळत पसरवली. बायका माझ्याशी विधवेशी बोलावे तसे हळू बोलू लागल्या. त्याहून वाईट गोष्ट ऑफिसात झाली. पोटावर डबा असल्याने नवऱ्याला पूर्ण वाकता येईना. उगाकीसाहेबांना हे पहिल्याच दिवशी जाणवले. कुसुमोतो हल्ली अर्ध्यातच थांबतो, माज चढलाय, असे त्यांनी वर कळवले आणि वाक्कानाईसाठी त्याचे नाव सुचवले.

मी साकाईला जाऊन आईला सांगितले. तिने माशाचा काटा बोटांनी चाचपून बाजूला काढला.

"तिकडे मासे ताजे मिळत असतील," ती म्हणाली आणि तोंड भिंतीकडे फिरवून जेवू लागली.

बदल्यांच्या यादीवर मालकांचा शिक्का पडायचा त्या सकाळी त्यांचा गुडघा पुन्हा धरला. जिन्याच्या पहिल्याच पायरीवर ते थांबले. दोन्ही बाजूंना सगळी कंपनी वाकून उभी होती आणि प्रत्येकाने छातीशी काही ना काही कागद धरला होता. कठड्याला धरायला मालकांना एक हात मोकळा हवा होता. त्यांनी रांगेवरून नजर फिरवली.

"तू," ते माझ्या नवऱ्याला म्हणाले. "तुझे हात रिकामे आहेत. हे धर."

नवऱ्याने गाठोडे घेतले आणि मालकांच्या मागून जिना चढला. माणसे गाठोड्याला वाकत होती आणि गाठोडे त्याच्याजवळ होते. वर पोचेपर्यंत उगाकीसाहेबांनी यादी दुरुस्त केली होती. मालकांचे गाठोडे वाक्कानाईला कसे पाठवणार?

खोलीत मालकांनी गाठ सोडायला सांगितली. कापडाच्या आत बॅग होती. काळ्याभोर कातड्याची, सोनेरी कोपऱ्यांची, मालकांना त्यांच्या सासऱ्यांनी लग्नात दिलेली, आणि अजून कोरी.

"चरे पडतात रे," मालक म्हणाले. "चांगली वस्तू अशी उघड्यावर नेतं का कोणी?" मग जरा दुःखाने पुढे म्हणाले, "मला वाटायचं, आपल्या लोकांकडेही बऱ्या बॅगा असतील. बघतो तर सगळे पुडकी घेऊन येतात. आपण पगार कमी देतो का रे?"

"नाही साहेब," नवरा म्हणाला.

कापडात काय आहे ते त्याने मला सांगितले, मी आईला सांगितले आणि आई ठसका लागेपर्यंत हसली. कंपनीत मात्र त्याने कोणाला सांगितले नाही. सांगणार तरी कसे? कोमियामासाहेबांच्या हातात तेव्हा कागदी पिशवी होती.

पुढे मालक वारले आणि कोमियामासाहेब मालकांच्या खुर्चीवर बसले. ते निळ्या कापडाचे गाठोडे आणू लागले. आत पुठ्ठ्याचे रिकामे खोके असे. निशिवाकींच्या मगरीला कपाटात बुरशी लागली. उगाकीसाहेब वर्तमानपत्रासकट निवृत्त झाले. निरोपसमारंभात नवऱ्याने अखेर त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिले. मिशी होती. वाक्कानाईला हिरोसे गेले. मोमोए दर नव्या वर्षाला खेकडे पाठवायची आणि लिहायची की इथे बॅगा कोणी बघत नाही, हातमोजे बघतात. ट्राम बंद झाली त्यानंतरही माझी आई बरीच वर्षे जगली आणि शेवटपर्यंत माझ्या हातचे मासे जेवली. नवरा उपप्रमुख झाला, मग प्रमुख झाला. तोवर बॅगा परत आल्या होत्या, आणि त्याच्या हाताखालच्या मुलांच्या बॅगा त्याच्या बॅगेहून एकेक बोट अरुंद होत्या. हे त्याच्या कधी लक्षात आले नाही, किंवा मला तरी तो तसे म्हणाला नाही. तो जाऊनही आता खूप वर्षे झाली.

ही हकीकत मी कोणालाही सांगितली की लोक पोट धरून हसतात. तुम्हीही हसा. मात्र ऑफिसात बसून वाचत असाल, तर आधी जरा मान वर करून बघून घ्या, साहेब हसलेत का.