लठ्ठ गुरुवारी कोबीचा थेंब

"माझ्या थेंबाशिवाय कोबीचा परागकण जागचा हलणार नाही!"

विटोल्ड हे वाक्य येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला ऐकवायचा. पोलंडमधल्या क्राकूवजवळच्या भाजी-संशोधन संस्थेत त्याची स्वतंत्र खोली होती आणि त्या खोलीत तो परागकणांपासून कोबी करायचा. म्हणजे करायला बघायचा. कळी उमलायच्या आत परागकण बाहेर काढायचे, साखरपाण्यात सोडायचे, काचेच्या बशा उबेच्या कपाटात ठेवायच्या. कणाची मती फिरली, की तो उडून जायचं विसरतो आणि एकटाच भ्रूण व्हायला लागतो. ना बोलणी, ना लग्न, ना मधमाशीची मध्यस्थी! पुढे त्याचं अख्खं रोप होतं.

हे इतरांनाही जमायचं. पण विटोल्डने दोन वर्षांपूर्वी हार्मोनचं स्वतःचं खास मिश्रण काढलं होतं. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या त्या मिश्रणाचा एक थेंब बशीत पडला, की भ्रूणांची जत्रा भरणार, असा त्याचा दावा होता. जत्रा काही भरली नव्हती. बशांत नुसते बेढब गोळे व्हायचे, नाहीतर काहीच नाही.

"विटोल्डराव, ही शेवटची खेप," संचालक लुबोमिर म्हणाले. "भ्रूण दिसले तर खोली तुमची. नाही दिसले, तर बोझेनाबाईंच्या गाजराच्या प्रयोगांना."

बोझेनाबाई खिडकीचं माप घ्यायला त्याच दिवशी येऊन गेल्या.

"पडदे पिवळे लावीन म्हणते," त्या म्हणाल्या. "तुम्हाला चालतील ना?"

"पडदे कशाला? इथे मीच राहणार आहे!" विटोल्ड फणकारला.

आणि नेमक्या त्याच आठवड्यात लठ्ठ गुरुवार आला. ईस्टरच्या मोठ्या उपासाआधीचा हा शेवटचा गुरुवार. या दिवशी जो पोंच्की खात नाही, त्याचं वर्ष वाईट जातं. गुलाबाचा मुरंबा भरलेले हे तळलेले गोळे संस्थेत दरवर्षी एकाने सगळ्यांसाठी आणायचे, आणि यंदा पाळी होती विटोल्डची.

"दुकानातले आणणार नाही," त्याने छाती पुढे काढून जाहीर केलं. "आमच्या सासूबाईंच्या हातचे! बोटाला तेल लागलं तर नाव बदलीन!"

बुधवारी दुपारी त्याने टेबलावर दोन छोट्या तपकिरी बाटल्या मांडल्या. एकीत मिश्रण. दुसरीत सासूबाईंसाठी नुसतं शुद्ध स्पिरिट, कारण पिठात चमचाभर स्पिरिट घातलं की गोळे तेल पीत नाहीत. दोन्हींवर त्याने टापटीप चिठ्ठ्या चिकटवल्या. एवढ्यात फोन वाजला.

"जावईबापू, पीठ चाळून बसलेय मी! स्पिरिट आज मिळणार की पुढच्या लठ्ठ गुरुवारी?"

"आलोच, सासूबाई!"

"मघाशीही आलोच म्हणालात!"

फोन खांद्याने कानाशी दाबून धरत त्याने एका बाटलीतला एकेक थेंब बशांत सोडला, बशा कपाटात ठेवल्या, दुसरी बाटली खिशात घातली आणि धावत सुटला.

गुरुवारी मात्र त्याने मैदान मारलं. पोंच्की कापसासारख्या हलक्या! संचालकांनी दोन खाल्ल्या, मग आजूबाजूला बघून आणखी दोन. बोझेनाबाईसुद्धा बोटं चाटत म्हणाल्या, "तेलाचा टिपूस नाही हो! गुपित काय?"

याच प्रश्नाची विटोल्ड सकाळपासून वाट बघत होता. सासूबाईंकडून परत आणलेली बाटली त्याने खिशातून काढून सगळ्यांपुढे उंच धरली.

"हे!"

बोझेनाबाईंनी चष्मा सारखा केला. "यावर तर 'कोबी, मिश्रण' लिहिलंय."

खोलीत कोणी चावेना की गिळेना.

"विटोल्डराव," संचालक हळूच म्हणाले, "मला आता काय होणार?"

"काही नाही, साहेब! चमचाभर स्पिरिटात हार्मोन असून असून किती असणार? तेही एवढ्या गोळ्यांत वाटलं गेलं!"

"कोबीला तर तुम्ही एका थेंबात रोप फोडता! मी चार खाल्ल्यात!"

कोणीतरी संचालकांच्या टकलाकडे पाहिलं. मग सगळ्यांनीच पाहिलं. संचालकांचा हातही नकळत तिकडे गेला.

विटोल्डचं तिकडे लक्षच नव्हतं. मिश्रण जर पोंच्कीत गेलं, तर बशांत काय गेलं? नुसतं स्पिरिट! काचघरातल्या कळ्यांचा हंगाम सरला होता. दुसरी खेप घालायला एक कळी शिल्लक नव्हती. खोली गेली. त्याला अगदी रडू यायचं बाकी राहिलं.

पुढचे दिवस त्याने कपाट उघडलंच नाही. पुस्तकं खोक्यांत भरली. तीन आठवड्यांनी संचालक आणि बोझेनाबाई आले. बाईंनी बरोबर पडदे आणले होते. पिवळे.

"उघडा," संचालक म्हणाले.

विटोल्डने मान फिरवून कपाट उघडलं. बशी उजेडात धरली ती बाईंनीच.

"अगंबाई! हे काय!"

बशीत हिरवट-पांढऱ्या भ्रूणांची नुसती झुंबड उडाली होती. दुसऱ्या बशीत तेच. तिसरीतही तेच!

"जमलं!" विटोल्ड ओरडला. "बघितलंत? माझा थेंब..."

आणि तो थांबला.

"तुमचा थेंब आम्ही खाल्ला," बाई शांतपणे म्हणाल्या. "म्हणजे दोन वर्षं बिचाऱ्या कोबीला तोच आडवा येत होता."

विटोल्डने बाईंच्या हातून बशी घेतली. कोबीने त्याचा मान राखला नव्हता, पण खोली राखली होती.

"खोली तुमची," संचालक म्हणाले. "बाटली मात्र बाईंना द्या. गाजराला बघू चालते का."

बाईंनी पडदे काखेत मारले, बाटली उचलली आणि निघाल्या. संचालक दारात घुटमळले. बाई लांब गेल्याची खात्री करून त्यांनी टोपी काढली आणि विटोल्डपुढे डोकं वाकवलं.

"विटोल्डराव, तुमचं ते भिंग आणा जरा. खरं सांगा, इथे काही फुटतंय का?"

विटोल्डने भिंग आणून नीट पाहिलं.

"नाही, साहेब," तो म्हणाला. "इथेही नाही."