इमानातली जागा

वामनभाऊंचा खांद्यावरचा दुपट्टा कधी चुकला नाही. चामोर्शीच्या बसस्टँडवर एसटी आत वळत असताना, ती थांबायच्या आधीच, धावत्या गाडीच्या तिसऱ्या नाहीतर चौथ्या खिडकीतून तो आत जायचा आणि दोन माणसांच्या बाकावर असा पसरायचा, जणू कुणी हातानं अंथरला आहे. बाकीचे लोक रुमाल टाकत, टोपी टाकत, एकानं तर चप्पल टाकलेली मी पाहिली आहे. त्यांच्या वस्तू खाली पडत, भांडणं होत. वामनभाऊंच्या दुपट्ट्याशी कुणी भांडत नसे. पिढ्यान्‌पिढ्या तलावात जाळं फेकणाऱ्या घरातला माणूस. हवेत उघडायचं कसं आणि पडायचं कुठं, हे त्या हाताला शिकवावं लागत नव्हतं.

वामनभाऊ माझे साडू. माझ्या बायकोची, रंजनाची, थोरली बहीण शकुनबाई त्यांना दिलेली. आमच्याकडे आईच्या मोठ्या बहिणीच्या नवऱ्याला मुलं 'मोठे बाबा' म्हणतात. म्हणजे माझी एकुलती एक मुलगी केतकी मला नुसतं बाबा म्हणते आणि त्यांना मोठे बाबा. यात कुणाचा काही दोष नाही, रीतच तशी आहे. पण तो 'मोठे' शब्द माझ्या कानाला टोचत आला आहे, हे आज पहिल्यांदा लिहितो.

मी राजुऱ्याला एका शाळेत बाबू आहे. बोलण्याचा माणूस नाही. वामनभाऊंचं उलट. त्यांचं सगळं आयुष्य एका वाक्यावर चालतं: "जागा धरा लागते, बाबू. जागा कोणी देत नाई." दवाखान्याच्या रांगेत त्यांचा दुपट्टा, लग्नाच्या पंगतीत त्यांचा दुपट्टा. एकदा गावात कुणी पुढारी येणार होता, तर पहिल्या रांगेतल्या तीन खुर्च्यांवर यांनी तो पसरून ठेवला. पोलिसांना वाटलं, साहेबांच्याच माणसांचा असेल. त्यांनी बाजूला उभं राहून त्याची राखण केली. शेवटी त्या खुर्च्यांवर वामनभाऊ, शकुनबाई आणि मांडीवर झोपलेली चार वर्षांची केतकी. पुढारी आला तेव्हा तिनं डोळेही उघडले नाहीत.

त्यांना मूलबाळ नाही. म्हणूनच की काय, सुट्टी लागली की केतकी चामोर्शीला. पोहायला तिला त्यांनी शिकवलं, सायकल त्यांनी शिकवली. बारावीचा निकाल लागला तेव्हा मी बाजूच्या खोलीत बसलेलो, तिचा फोनवरचा आवाज ऐकू आला, "मोठे बाबा, पास झाली मी!" मग ती माझ्याकडे आली. मी म्हटलं, बरं झालं. मनात होतं ते वेगळंच होतं, पण तोंडातून तेवढंच निघालं.

आणखी एक गोष्ट मला खुपायची. वामनभाऊंच्या खिशात एक पितळी डबी असते, लवंगांची. प्रवासाला निघालं की ते ती उघडतात, एक लवंग रंजनाच्या हातावर ठेवतात. ती तोंडात टाकते, डोळे मिटून घेते आणि गाडी थांबेपर्यंत तशीच बसते. तिला गाडीत फार छान झोप लागते, असंच मी धरून चाललो होतो. पण माझ्या बायकोला लवंग द्यायची तर मी देईन ना, हे मधेच कोण? असं वाटायचं. मी मात्र कधी लवंग घेऊन गेलो नाही, हेही खरं.

शकुनबाई गेल्या त्याला आता दोनेक वर्षं होतील. त्यानंतरही वामनभाऊ एकट्यानं प्रवासाला निघाले तरी दोन माणसांचा बाक धरतात. हे मी राजुऱ्याच्या स्टँडवर डोळ्यांनी पाहिलं. खिडकीच्या जागेवर दुपट्टा पसरलेला, बाजूला हे बसलेले. गर्दी वाढली, एका बाईनं विचारलं, तेव्हा त्यांनी दुपट्टा मांडीवर घेतला. मी घरी येऊन रंजनाला हसत सांगितलं, म्हटलं, तुझ्या भाऊजींची हाव काही सुटत नाही. ती हसली नाही. ती उठून आत गेली.

आता मुद्द्यावर येतो. केतकीला बंगळुरूला नोकरी लागली. तिला पोचवायला आम्ही दोघं जाणार, नागपूरहून विमानानं. पोरगी म्हणाली, मोठ्या बाबांनाही घेऊ, ते कधी बसले नाहीत. मीही कधी बसलो नव्हतो, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

तिकिटं काढायला वामनभाऊ आमच्या घरी आले होते. आमच्याकडचे जुने लोक विमानाला इमान म्हणतात. "इमानात किती वाजता बसाचं?" असं विचारत ते माझ्या मोबाइलवर वाकले. तिकिटं झाली, तशी पडद्यावर विमानाच्या आतली जागा दिसली, सगळे छोटे छोटे चौकोन, आणि सगळ्यांना जवळजवळ बसायचं तर प्रत्येक चौकोनाचे वेगळे पैसे. नाहीतर कंपनी देईल तिथं बसा.

वामनभाऊ बराच वेळ त्या चौकोनांकडे पाहत राहिले.

"म्हणजे तिकिटाचे पैसे अलग आन् बसाचे अलग? मंग तिकिटात का उभं राह्याचं होतं?"

केतकी म्हणाली, "तसं नाई मोठे बाबा. एकमेकांच्या बाजूला बसायचे पैसे."

"आपल्याच बायकोच्या बाजूले बसाचे पैसे?"

रंजना चहा घेऊन येत होती. म्हणाली, "हे त अलग बसाचेच पैसे देतीन." हे म्हणजे मी. सगळे हसले. मीही हसलो.

"काही भरू नोका, बाबू," वामनभाऊ म्हणाले. "मी हावो ना. दरवाजा उघडला का मी आत. चार जागा धरतो."

ते चामोर्शीला परत गेले. दोन दिवसांनी, घरात कुणी नसताना, मी मोबाइल उघडला. मला एकच गोष्ट हवी होती. त्या विमानात केतकीच्या बाजूला मी बसायचं. पुन्हा कधी ती अशी माझ्या बाजूला, कुठं उठून न जाता बसेल, देव जाणे. आणि चारही जागा जवळ घेतल्या तर काय होईल ते मला माहीत होतं. ती त्यांच्याच बाजूला बसली असती. मी तीन चौकोन एका ओळीत घेतले: खिडकीत केतकी, मधे मी, कडेला रंजना. पैसे भरले. वामनभाऊंच्या नावासमोर आलं, की यांची जागा निवडायची आहे का. मी 'नको' दाबलं.

त्यांना फोनवर सांगितलं, आमच्या तिघांच्या जागा कंपनीनंच एकत्र दिल्या, तुमची जरा मागं आली. ते म्हणाले, "फिकर नोका करू." इमानात बसायच्या आधीच मी अशी बेइमानी करून बसलो होतो.

नागपूरच्या विमानतळावर त्यांचा दुपट्टा तपासणीच्या यंत्रातून गेला, डबी गेली. तिथल्या माणसानं डबी उघडून वास घेतला. वामनभाऊंनी त्यालाही एक लवंग देऊ केली. त्यानं घेतली नाही, पण हसला. विमानापर्यंत न्यायला एक बस होती. सगळे तिच्यात घाईनं चढले, वामनभाऊ मात्र मागं मागं राहिले. मला वाटलं, म्हातारा घाबरला. तसं नव्हतं. शेवटी चढणारा दाराशी उभा राहतो आणि दाराशी उभा असणारा पहिला उतरतो. बस थांबली तसे ते जिन्यावरून वर गेलेले दिसले, खांद्यावर दुपट्टा उडत होता.

आम्ही आत पोचलो तर आमच्या ओळीत तिन्ही जागांवर दुपट्टा पसरलेला, एक कोपरा खिडकीपर्यंत गेलेला. बाजूला वामनभाऊ आडवा हात करून उभे. मागं माणसं तुंबलेली. हवाईसुंदरी हात जोडून हिंदीत सांगत होती की सर, इथं असं करावं लागत नाही, आणि हे तिला मराठीत सांगत होते की बाई, तुमी नव्या असान.

माझ्या डोक्यात तिडीक गेली. इथंही? पैसे भरून घेतलेल्या जागेवरही याचा दुपट्टा माझ्या आधी? मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "वामनभाऊ, ह्या जागा आमच्या आहेत. पैसे भरले आहेत मी."

रंजनानं माझ्याकडे पाहिलं. पैसे भरल्याचं तिला तेव्हाच कळलं.

वामनभाऊंनी दुपट्टा उचलला, झटकला, खांद्यावर टाकला. "तुमच्याच हायेत, बाबू. म्हणून त धरल्या. कोणी बसून गेलं असतं त?" मग खिशातून डबी काढली, रंजनाच्या हातावर लवंग ठेवली आणि मागं चालायला लागले. पार मागं, संडासाजवळ त्यांची जागा होती.

आम्ही बसलो. केतकी खिडकीत, मी तिच्या बाजूला. मला हवं होतं ते मला मिळालं होतं. विमान वर गेलं, खाली नागपूर लहान होत गेलं आणि मी माझ्या मुलीला म्हटलं, "पट्टा बरोबर लागला का?" ती म्हणाली, हो. थोड्या वेळानं म्हटलं, "पाणी पेतं का?" ती म्हणाली, नको. माझ्याजवळचं बोलणं संपलं.

मग तीच बोलली. "बाबा, मोठ्या बाबांना माहीत होतं."

"काय?"

"तुम्ही तीनच जागा घेतल्या ते. मी तुमच्या मोबाइलमध्ये पाहिलं होतं. मला राग आला, मी त्यांना फोन केला. त्यांनी आपल्या जागा कोणत्या ते विचारून घेतलं. मग म्हणाले, बरं केलं तुह्या बापानं. त्याच्याच बाजूले बसजो. तो बोलत नाई, पण बाजूले बसला का बोलन."

तिनं खिडकीकडे तोंड केलं. मी समोरच्या सीटच्या पाठीकडे बघत बसलो. पट्ट्याचा दिवा विझला तसा उठलो. रंजना डोळे मिटून होती, तिच्या पायांवरून निघालो आणि मागं गेलो.

मागच्या ओळी अर्ध्या रिकाम्या होत्या. पैसे न भरताही आम्हां चौघांना आडवं होऊन झोपता आलं असतं. वामनभाऊ तीन जागांच्या मधोमध बसले होते, हात मांडीवर, शाळेत नव्यानं आलेल्या पोरासारखे. कडेची जागा रिकामी. खिडकीची जागाही रिकामी, आणि तिच्यावर दुपट्टा, चारी कोपरे नीट ओढलेले.

मी विचारलं, "खिडकीत काऊन नाई बसले? ढग दिसून राह्यले बाहेर."

ते म्हणाले, "खिडकी शकुनची ना. तिले गाडी लागते."

'लागायची' नाही म्हणाले. 'लागते' म्हणाले. मग त्यांनाच ते ऐकू आलं असावं, कारण त्यांनी दुपट्ट्याचा एक कोपरा उगाच सारखा केला आणि हसून म्हणाले, "सवय हाये, बाबू. तिच्यासाठीच त धराची जागा. खिडकी नाई भेटली का कासावीस होये बिचारी. दोघी बहिणी तशाच. लवंग देल्ली का घडीभर थांबते."

दोघी बहिणी.

मी त्यांना म्हणायला आलो होतो की तुमची जागा मी मुद्दाम सोडली. तेवढं म्हटलं. ते म्हणाले, "पोरीच्या बाजूले बापच बसाले पाह्यजे. जा, बसा. पोरगी एकटी बसून हाये."

मी परत आलो. रंजना तशीच होती, मान मागं टेकलेली, कपाळावर बारीक घाम, गालात लवंग. इतकी वर्षं मी तिला गाडीत झोपलेली पाहत आलो होतो. मला या माणसाचा हेवा वाटत होता तो पोरीवरून, असं मी समजत होतो. खरा हेवा मला तिथं उभ्या उभ्या वाटला, आणि तो वेगळ्याच गोष्टीचा होता.

मी वाकून विचारलं, "तुले गाडी लागते का वं?"

तिनं डोळे न उघडता म्हटलं, "लागते."

"कधीपासून?"

"लग्न होऊन तुमच्या गावाले आली तईपासून." मग एक डोळा उघडला. "आज विचारून राह्यले?"

केतकी आमच्या दोघांकडे बघत होती. मी तिला म्हटलं, ऊठ, आईला खिडकी दे. तिघांची उठाउठी झाली, हवाईसुंदरी पुन्हा आली, पुन्हा हात जोडले. रंजना खिडकीत बसली, काचेला कपाळ लावलं. मधली जागा माझी. केतकी वाटेतच उभी राहिली. तिची नजर मागं गेली, पुन्हा माझ्याकडे आली. ती विचारत नव्हती, पण थांबली होती.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. त्या जागेचे मी पैसे भरले होते.

"जा," मी म्हटलं. "कडेच्या जागेवर बसजो. खिडकी धरली हाये."