नव्वदच्या वेगाने कोपरी

तक्रारदार: श्री. विलास प्रभुदेसाई, सोसायटीचे सचिव, कोपरी, ठाणे पूर्व.
ज्यांच्याविरुद्ध तक्रार: श्री. हरेश्वर नाखवा, सेवानिवृत्त, तळमजला.
तक्रारीची वस्तू: मोटार एक. विलायती, जुनी, हिरवी, बिनछपराची.
घटनेची वेळ: दर रविवारी सकाळी.
साक्षीदार: सायकलवरून इडली विकणारा मुरुगन.

सदरहू श्री. नाखवा भर वस्तीत मोटार चालवताना "साठ! ऐंशी! नव्वद!" असे मोठ्याने ओरडतात, सबब रहिवाशांच्या जीवितास धोका असून मोटार आवारातून कायमची हलवावी, असा अर्ज सचिवांना हवा होता. ते मजकडे आले, हे योग्यच झाले. मी वर्तकनगरला राहतो व कचेरीबाहेर अर्ज लिहितो. शिक्षण आठवीपर्यंत, परंतु माझा मसुदा आजवर कोणी परत पाठवलेला नाही.

मी प्रथम साक्षीदारास विचारले.

"नव्वद हा आकडा स्वतःच्या कानांनी ऐकलात?"

"ऐकलं ना साहेब. मी त्यांना ओव्हरटेक करत होतो, तेव्हाच बोलले."

"सायकलवरून?"

"मागे डबा पण होता."

येथे कायदेशीर पेच निर्माण झाला. म्हणून पुढच्या रविवारी मी स्वतः स्थळपाहणीस गेलो.

श्री. नाखवा डोक्यावर टोपी घालून गाडीचे बॉनेट कातडी पट्ट्याने आवळत होते. गाडीखाली तेल ठिबकत होते व ते झेलण्यासाठी घरातली परात ठेवली होती.

"ही स्पोर्ट्स गाडी आहे, असे आपण सर्वांना सांगता. कोणत्या आधारावर?" मी विचारले.

"बूड बघा भाऊ, रस्त्यापासून वीतभर वर. छप्पर नाय. अंगानं हलकी, जागा दोनच. खड्डा आला की थेट मणक्याला कळवते."

"परंतु वेग?"

"पळते तीच स्पोर्टी असं कोण बोललं? आत बसलेल्याला पळतोय असं वाटलं पायजे! जावयाच्या नव्या गाडीत शंभरला जांभई येते. हिच्यात तिसाला टोपी धरावी लागते. होडीसारखं आहे हे. पाणी जेवढं जवळ, तेवढी होडी जोरात."

मी वेगाच्या काट्याकडे बोट दाखवले. तो शून्यावर चिकटलेला होता.

"मग हे नव्वद कोठून आले?"

"काट्याला काय कळतंय!" ते म्हणाले. "बाबांच्या होडीत मी पुढे उभा राहायचो, बांबू घेऊन. खाडीत पाणी किती ते बघायचं आणि ओरडून सांगायचं. मागच्याला दिसत नाय, तर पुढच्यानं ओरडायचं. आमची रीतच आहे ती."

एवढे बोलून ते आत गेले व पत्नीस हाताला धरून घेऊन आले. सुमनताईंनी डोक्याला रुमाल बांधला होता, काळा चष्मा लावला होता. त्यांनी गाडीचे दार हाताने चाचपले, कड सापडल्यावर हळूच आत बसल्या. साखरेच्या आजाराने त्यांची दृष्टी गेल्याचे मला तेव्हा कळले. सचिवांनी तक्रार सांगताना हा मुद्दा वगळला होता.

श्री. नाखवा गाडीत घालायचे पाणी आणायला परत आत गेले.

"अर्जवाले भाऊ ना तुम्ही?" सुमनताई हळू आवाजात म्हणाल्या. "नव्वदचं लिवणार?"

"लिहावे लागेल, ताई."

"अवो, तो इडलीवाला भोंगा वाजवत पुढं जातो. मला दिसत नाय, ऐकू तर येतं! नव्वदला कोण सायकलवाला पुढं जाईल?"

मी हातातला कागद खाली घेतला. "मग आपण त्यांना सांगत का नाही?"

"माझे डोळे गेले, तवापासून घरात कुजबुजल्यासारखे बोलायचे. जसं कोण वारलंय. मग ही गाडी काढली, मला बसवलं, आणि वळणावर एकदम ओरडले, साठ! किती दिवसांनी नवऱ्याचा आवाज ऐकला मी." त्यांनी रुमालाची गाठ घट्ट केली. "गाडी गेली तर परत कुजबुजतील. आणि मला ठाऊक आहे हे त्यांना बोलू नका हां."

नाखवा बादली घेऊन आले. गाडी तीनदा खोकली, थरथरली व फाटकातून बाहेर पडली. मी सोबत पायी चाललो होतो. गाडीच्या मागे पडलो नाही, हे नमूद करतो.

"ऐंशी!" नाखवा ओरडले.

"अवो, हळू! पडेन ना मी!" सुमनताई किंचाळल्या, आणि दोन्ही हातांनी रुमाल धरून हसू लागल्या.

सबब, सोसायटीच्या समितीस नम्र विनंती की, मूळ तक्रार रद्द समजावी. मोटारीची जागा कायम ठेवावी. तेलासाठी परातीऐवजी पत्र्याचा ट्रे सोसायटीने द्यावा, कारण त्या परातीत भाकऱ्या थापायच्या असतात. वेग नव्वद असल्याचे सर्व रहिवाशांनी मान्य करावे. साक्षीदार मुरुगन यास अशी समज द्यावी की, रविवारी सदरहू मोटारीस शक्यतो ओलांडू नये. इडल्या थंड होत असल्यास ओलांडावे, परंतु भोंगा वाजवू नये.

हे निवेदन श्री. नाखवा यांच्या गैरहजेरीत वाचावे. उत्तर येत्या रविवारच्या आत मिळावे, ही विनंती.